फिरते चक्र आणि कोरी यादी

तलाठ्याच्या दप्तरात आपला गट क्रमांक पाहण्यासाठी गेलेल्या शेतकऱ्याला पूर्वी तीनपैकी एक उत्तर मिळत असे. ‘थांबा, पाहतो आहे’. ‘तुमची नोंद येथे नाही’. किंवा ‘आज दप्तर मिळायचे नाही, उद्या या’. उत्तर गोड असो वा कडू, पुढे काय करावयाचे ते त्यावरून ठरविता येई. दप्तराची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतल्यापासून हा साधा भेद पुष्कळ ठिकाणी लोपला आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. वर्धा जिल्ह्यातील कापूस, सोयाबीन वा तुरीचा शेतकरी आता ॲपमध्ये आपले गाव, खाते आणि गट क्रमांक स्वतःच निवडतो आणि शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र पाठवितो. ही नोंद सातबाऱ्यावर चढते. पीकविमा, हमीभावाची खरेदी, अतिवृष्टीनंतरची मदत यांत तिचा आधार घेतला जातो. मुदतीच्या अखेरीस सर्व्हरवर ताण यावा आणि मुदत वाढवावी लागावी, असे एकाहून अधिक हंगामांत घडले आहे. या ताणाची चर्चा पुष्कळ होते. त्या वेळी कोणत्याही ॲपच्या पडद्याने माणसाला काय सांगावे, याची मात्र होत नाही.

यादी मागविल्यावर पडदा कोराच राहिला, तर माणूस ‘आपले नावच नाही’ असा त्याचा अर्थ घेतो. त्याहून वाईट म्हणजे, उत्तर येण्यापूर्वीच ‘माहिती उपलब्ध नाही’ असे बजावणारे ॲप. याचे कारण तसे क्षुल्लक आहे. यादी अद्याप आलेली नाही आणि यादीत खरोखरच काही नाही, या दोन्ही अवस्थांत ॲपच्या हाती रिकामी यादीच असते. त्यांत भेद करावयाचा तर ॲप रचणाऱ्याला वेगळी खूण मुद्दाम ठेवावी लागते. तो ती विसरला, की शेतकरी बांधावरून उठतो, तालुक्याची वाट धरतो आणि नसलेल्या चुकीच्या दुरुस्तीसाठी दिवसाची मजुरी घालवितो.

यावर उपाय म्हणून फिरते चक्र दाखविले जाते. ते हवेच, परंतु त्याच्यावर फार विसंबता येत नाही. सेवाग्रामच्या या जिल्ह्यात चाक फिरले की सूत निघते, हे सांगावयास नको. पडद्यावरील चाकाचे तसे नाही. ते फोन स्वतःच फिरवितो. सर्व्हरशी त्याचा काही संबंध नसतो. आर्वी, आष्टी, कारंजा या डोंगराळ तालुक्यांत एखाद्या उताराआड रेंज गेली आणि मागणी वाटेतच विरली, तरी चक्र निष्ठेने फिरत राहू शकते. ठरावीक वेळेनंतर ते थांबविणे, ‘संपर्क झाला नाही’ असे स्पष्ट मराठीत सांगणे आणि पुन्हा प्रयत्न करण्याचे बटण देणे, हे रचणाऱ्याचे कर्तव्यच होय.

हे शास्त्र काही नवे नाही. सुमारे एका सेकंदापर्यंतचा विलंब विचारांची साखळी तोडीत नाही आणि दहा सेकंदांपलीकडे लक्ष ढळते, हा संकेत रॉबर्ट मिलर यांच्या १९६८ मधील विवेचनापासून जाणकार मानीत आले आहेत. काम किती टक्के झाले हे दाखविणारी पट्टी लोकांना पसंत पडते, असे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये दाखविले. म्हणजे क्षणभराच्या कामासाठी चक्राचा लखलखाट नको, आणि काम लांबणार असेल तर किती उरले ते सांगावे. तसेच एकदा आलेली यादी ताजी करताना जुनी पुसू नये. चक्र वर कोपऱ्यात फिरू द्यावे. खाली सरकताना पुढची नावे येत असतील, तर ते यादीच्या तळाशी असावे. गावाची खातेयादी रोज बदलत नाही. ती फोनमध्येच साठवून ठेवली, तर पुष्कळदा चक्राची गरजच उरणार नाही.

अशी ॲपे वातानुकूलित कक्षात, नव्या फोनवर आणि वेगवान जोडणीवर तपासली जातात, अशी शंका येते. पुढच्या खरिपापूर्वी ती एकदा कारंजा तालुक्यातील एखाद्या बांधावर, भर दुपारी, पाच वर्षे वापरलेल्या फोनवर तपासावीत. आणि तपासणाऱ्याने रेंज मुद्दाम मध्येच तोडून पडद्यावर काय उमटते ते लिहून घ्यावे.