नव्या ऐतिहासिक कादंबरीचे प्रकाशन गावातच का होऊ नये?

शेतकरी बंधूंनो, या पानावर आपण करपा, तुडतुडे, आंब्याचा मोहोर आणि खताचे हप्ते यांविषयी वाचत असता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. तो पुस्तकाचा आहे. परंतु हे पुस्तक आपल्या बांधावरून, खाजणावरून आणि आपल्याच घरातल्या जुन्या कागदांतून उगवते, म्हणून याच पानावर लिहीत आहे.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या आपल्या पट्ट्यात अधूनमधून कोणी शिक्षक, कोणी बँकेतला कारकून, कोणी मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेला गृहस्थ इतिहासावर कादंबरी लिहितो. बहुधा ती त्याची पहिलीच असते. चार-पाच वर्षे तो गडावर चढतो, खाडीत उतरतो, म्हाताऱ्यांना गाठून विचारपूस करतो. मग पदरचे पैसे घालून पुस्तक छापले जाते. प्रकाशन समारंभ होतो अलिबागला, नाहीतर थेट पुण्या-मुंबईत. व्यासपीठावर पाहुणे, शाल-श्रीफळ, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्यानंतर उरलेले गठ्ठे लेखकाच्या माळ्यावर जातात आणि वाळवी मात्र ते मनापासून वाचते. ज्या गावची ती कथा, त्या गावात एक प्रतसुद्धा आलेली नसते. पुस्तक चांगले की वाईट हे पुढचे. ते हातात पडेल तेव्हा ना ठरवायचे!

हा विषय आता काढण्याला कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले दोन आपल्या जिल्ह्यातले आहेत, रायगड आणि खांदेरी. बाहेरगावची माणसे आता थळच्या किनाऱ्यावर उभी राहून समोरच्या बेटाची गोष्ट विचारणार. सांगायला कोणीतरी लागेल, लिहायलाही लागेल. या विषयावर नवे लेखक पुढे येतील याबद्दल मला शंका नाही. त्यांची पहिली पुस्तके गावात कशी पोचवायची, याचा विचार मात्र आपण आधीच करून ठेवलेला बरा.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी लोकांपुढे कशी आली, ते पाहण्यासारखे आहे. तिचे नाव ‘मोचनगड’. लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर, बेळगावकडचे, जन्म १८४३ चा. कादंबरीचे साल १८७१. कथा शिवकाळातली आहे, पण मोचनगड नावाचा किल्ला नकाशात शोधायला जाऊ नका, तो कागदावरच बांधलेला. त्या आधी मराठीत कादंबऱ्या नव्हत्या असे नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पण ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांच्यासारख्या गोष्टींत अद्भुताचाच भरणा जास्त. आपले डोंगर, आपले गड, आपली माणसे घेऊन कादंबरी रचावी हे पहिल्यांदा गुंजीकरांनी केले.

तो काळ कसा होता? रायगडावर महाराजांच्या समाधीकडे सरकार लक्ष देत नव्हते आणि लोकांनाही फारसा पत्ता नव्हता. महात्मा फुल्यांचा शिवाजीराजांवरचा पवाडा १८६९ सालचा. लोकमान्यांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला तो १८९६ साली. राजवाड्यांचा जुन्या कागदपत्रांचा पहिला खंड निघाला १८९८ साली. म्हणजे गुंजीकरांनी लिहायला घेतले तेव्हा हाताशी छापील साधने अगदी थोडी होती. पेरणीला पाऊस नाही, बियाणे नाही, तरी माणसाने जमीन कसली, असा तो प्रकार.

आणि मोठा समारंभ करून पुस्तक लोकांपुढे आणण्याची त्यांना गरजच पडली नाही. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाचे गुंजीकर संपादक होते आणि त्याच मासिकातून कादंबरी क्रमशः छापून आली. वर्गणीदाराच्या घरी अंक जायचा, त्यात पुढचे प्रकरण असायचे. पुढे हरिभाऊ आपट्यांनीही ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘उषःकाल’सारखी कादंबरी अशीच थोडी थोडी दिली. त्या काळचे लेखक वाचक जोडायचे ते हप्त्याहप्त्याने.

आपल्या गावांना हप्त्याने ऐकणे नवीन नाही. श्रावण लागला की देवळात नाहीतर पाटलांच्या ओटीवर पोथी लागते. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’. एकजण वाचतो, एकजण अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही पांडवप्रताप तोंडपाठ असायचा तो यामुळेच. नवी कादंबरी गावात न्यायची तर याच ओटीवर न्यावी, असे माझे मत आहे. रोज एक प्रकरण मोठ्याने वाचायचे. तीनशे पानांची कादंबरी महिन्यात सहज होते. पोथी बंद करा असे मी म्हणत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी कार्यालयात जाब विचारायला यायचे!

वेळापत्रकही आपलेच पाहिजे. शहरातले प्रकाशन समारंभ बहुतेक दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत होतात. संमेलनांचा मोसमही तोच. त्या वेळी आपल्याकडे काय चाललेले असते? भाताची कापणी, झोडणी, मग वाल पेरणे, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची लागवड, आंब्याच्या मोहोरावर फवारणी. संध्याकाळी माणूस घरी येतो तो पाठ टेकायलाच. याउलट लावणी उरकल्यानंतर भात निसवेपर्यंत बेणणी आणि खताचा हप्ता सोडला तर थोडी उसंत असते. कोळी बांधवांचे पाहिले तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, आणि बरेचजण नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात जातात. तेव्हा आषाढ-श्रावण हा आपल्या किनाऱ्याचा वाचनाचा खरा हंगाम आहे. पुण्याच्या प्रकाशकाला हे ठाऊक नसते, लेखकाने सांगितले पाहिजे.

श्रावणात वाचन झाले की लगेच गणपती येतात. मुंबईचे चाकरमानी घरोघर दाखल होतात. खिशात चार पैसे असतात, गावाविषयी माया उफाळून आलेली असते. प्रकाशन करायचे तर त्या पाच दिवसांत सार्वजनिक गणपतीच्या मांडवात करा. आरतीनंतर अर्धा तास. कादंबरीतले एक चांगले प्रकरण शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, लेखकाला पाच मिनिटे बोलू द्या आणि बाजूला एक टेबल टाकून पुस्तके विकायला ठेवा. पाहुण्यांच्या भाषणांना काट मारा. शेताच्या बांधावर प्रात्यक्षिक घेताना आम्ही हेच करतो. वाण डोळ्यांनी दिसला की शेतकरी स्वतःच भाव विचारतो.

आता जरा नाजूक मुद्दा. वाचन झाले की गावकरी हमखास विचारतात, “हे खरं का लेखकाने बनवलेलं?” प्रश्न रास्त आहे. कादंबरी म्हणजे सातबारा नव्हे. अमुक घराण्याला पालखीचा मान कादंबरीत दिला आहे म्हणून देवळात भांडण काढले तर ते चुकीचेच. पण लेखकावरही जबाबदारी आहे. पायाभूत बियाण्याच्या पिशवीला पांढरी खूणचिठ्ठी असते, प्रमाणित बियाण्याला निळी. चिठ्ठी पाहून आपण ओळखतो आत काय आहे. तशी ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटी दोन पानांची चिठ्ठी हवी. कोणत्या गोष्टी कागदपत्रांत आहेत, कोणती माणसे कल्पनेतली आहेत, सरळ लिहून टाकावे. नव्या लेखकाने तर नक्कीच. त्याने कादंबरीची गोडी कमी होत नाही.

उदाहरण खांदेरीचेच घेऊ. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी यांनी पावसाळा सरता सरता त्या बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांना ते खपण्यासारखे नव्हते, त्यांनी जहाजे पाठवून बेट अडवले. ऑक्टोबरात लढाई झाली. तरीही मराठ्यांच्या लहान होड्या पहारा चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या आणि किल्ला उभा राहिला तो राहिलाच. पुढे १६८० च्या सुरुवातीला सिद्दीने शेजारचे उंदेरी धरले. एवढे कागदोपत्री आहे, इंग्रजांच्या स्वतःच्या पत्रव्यवहारातसुद्धा आहे.

पण बघा, ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे भातकापणीचा महिना. होड्या वल्हवायला, दगड चढवायला, पाण्याची पिंपे न्यायला माणसे किनाऱ्यावरच्या गावांतलीच गेली असणार. मग त्या वर्षी उभे पीक कोणी कापले? बेटावर जे तांदूळ गेले ते कोणाच्या कणगीतले? खाडीच्या उधाणाला बांध फुटला तर बांधायला घरी कोण होते? याचे उत्तर मला तरी कुठे सापडलेले नाही. इथे कादंबरीकाराला मोकळे रान आहे, आणि शेतकरी वाचकाला ज्यात रस वाटेल ती जागाही हीच. दरबार आणि तलवारी यांवर पुष्कळ लिहून झाले. खारबंदिस्तीवर, शिलोत्र्यांवर, राबाच्या भाजणीवर लिहिणारा अजून यायचा आहे. समुद्रावरचे शिवकाळाचे चित्र गो. नी. दांडेकरांनी ‘दर्याभवानी’त काढले आहे, ते ग्रंथालयात असेल तर जरूर वाचा. रणजित देसाईंचे उदाहरणही ध्यानात ठेवण्यासारखे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाड या खेड्यातला हा माणूस. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘स्वामी’ १९६२ साली आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या लेखकाचे पुस्तक महाराष्ट्रभर जाते ते असे.

लेखकाला मदत करायची म्हणजे पुस्तक छापून आल्यावर टाळ्या वाजवायच्या, एवढेच नाही. आपल्या कित्येक घरांत कोनाड्यात, पेटीत मोडी कागद पडून आहेत. इनामाचे, बांधबंदिस्तीचे, देवस्थानच्या उत्पन्नाचे. आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० साली खालसा केले, त्या आधीचे कागदही एखाद्या घरात निघू शकतात. वाचता येत नाही म्हणून ते बंबात घालू नका. कोरड्या जागी, कापडात गुंडाळून ठेवा, डांबराच्या गोळ्या टाका. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, अगदी लेखकाच्याही नाही. त्याला ओटीवर बसवून फोटो काढू द्या. चहा पाजलात तर उत्तम.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले नेहमीचे ग्रामसेवक भाऊसाहेब, यांच्यासाठी थोडे कामाचे. ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीत वाचनालयाचे काम येते, त्यामुळे पुस्तक खरेदीचा विषय ग्रामसभेपुढे ठेवायला अडचण नाही. शासनमान्य ग्रंथालयांच्या अनुदानात २०२२ साली ६० टक्के वाढ झाली. ‘ड’ वर्गाच्या छोट्या ग्रंथालयालाही तिचा लाभ आहे. तेव्हा लेखकाकडे “सप्रेम भेट एक प्रत” मागण्याची आपली सवय सोडावी. सत्काराला शाल घेता त्या पैशात एखादी प्रत येते. पाच प्रती विकत घ्या. एक ग्रंथालयात, एक शाळेत, बाकीच्या वाड्यांवर फिरत्या. पुस्तक हाताळून फाटले तर वाईट वाटून घेऊ नका.

आणि गावात कोणाचे हस्तलिखित तयार असेल, पण छापायला पैसा नसेल, तर त्याला राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना सांगा. ती पहिल्याच पुस्तकासाठी आहे आणि कादंबरीही तीत बसते. सहसा जानेवारीत साहित्य मागवतात, जाहिरात पेपरात येते. शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही पहिल्या कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार आहे, तो श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने, म्हणजे कोकणच्याच कादंबरीकाराच्या नावाने दिला जातो. जाहिरात निघाली की कात्रण काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. खताच्या अनुदानाच्या नोटिशीशेजारी जागा असतेच.