विश्लेषण : जुन्या व्हॅनची कॅम्परव्हॅन करून सहकुटुंब कोकणात जाता येते का? आरटीओ, घाट आणि जनरेटरचे गणित समजून घ्या

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून निघणारा राष्ट्रीय महामार्ग 66 थेट कन्याकुमारीला जातो. अंतर सुमारे 1,600 किलोमीटर. कर्नाळ्याचा सुळका मागे पडला की पेण, माणगाव, महाड, चिपळूण, कणकवली, पुढे गोवा, कारवार आणि केरळ. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा ओम्नी घ्यायची, मागे गादी टाकायची, घडीचा ओटा बसवायचा आणि मुलाबाळांसह या रस्त्याला लागायचे, असे रील्स सध्या मोबाइलवर रोज दिसतात. मे महिन्यात मालवण-तारकर्लीला खोली शोधून दमलेल्या माणसाला ही कल्पना पटली नाही तरच नवल.

मात्र याच महामार्गावरची एक घटना रील्समध्ये दिसत नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. गाडीला अपघात झालेला नव्हता. कालिकतच्या एनआयटीतील तज्ज्ञांच्या पाहणीत जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरल्याचे स्पष्ट झाले. त्याबद्दल पुढे सविस्तर पाहू. आधी कागदपत्रे.

कल्पना नवी आहे का?

शब्द नवा आहे, गोष्ट नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर 1969 मध्ये आली आणि पुढची कित्येक वर्षे अर्ध्या महाराष्ट्राने अष्टविनायक त्यातूनच केले. स्टोव्ह, सतरंज्या, पाण्याचा कॅन, डब्यात चिवडा-लाडू, मुक्काम देवळाच्या ओवरीत. वारीत दिंडीबरोबर जाणारा तंबू-भांड्यांचा ट्रक हे तर चाकांवरचे घरच. फरक इतकाच, की तेव्हा झोपायला सगळे गाडीबाहेर यायचे. आता आत झोपायचे आहे, आणि अडचणी तिथूनच सुरू होतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कडक बंधने आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये, कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

याचा सोपा अर्थ असा. काढता-घालता येणारी गादी, घडीचे टेबल, बर्फाची पेटी हे सामान झाले. पण सीट कायमच्या उखडल्या, छत कापून उंच केले, बाजूला नवा दरवाजा काढला, तर तो रचनेतील बदल ठरतो आणि आरसीवर त्याची नोंद लागते. कॅराव्हॅनसाठी देशात एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. खासगी वापराची कॅम्परव्हॅन बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत येते, त्यामुळे रीतसर नोंदणीचा मार्ग उपलब्ध आहे. गल्लीतल्या गॅरेजवाल्याने ‘काही होत नाही, सगळे करतात’ असे सांगितले तरी एमएच-46 च्या कार्यालयात आधी विचारून घेणे शहाणपणाचे. दंड एक वेळ भरता येतो. नोंद नसलेल्या बदलामुळे विमा कंपनीने दावा नाकारला, तर मात्र कुटुंबाचे कंबरडे मोडते.

गाडी 15 वर्षांची झाली असेल तर खासगी वाहनाची नोंदणी दर 5 वर्षांनी नव्याने करावी लागते. चारचाकीसाठी हे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाले आणि 20 वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. ‘दीड लाखात व्हॅन मिळाली’ म्हणून उडी मारण्याआधी हा हिशेब मांडा. फास्टॅगचा वार्षिक पासही फक्त खासगी कार, जीप, व्हॅन या वर्गासाठी आहे. मिनी बसला तो मिळत नाही.

घाटात ब्रेक का जातात?

पोलादपूरहून अनेक जण आंबेनळी घाटाने महाबळेश्वर करून येतात. उतरताना गाडी जवळपास 1,300 मीटर खाली येते. माणसे, पाण्याची टाकी आणि सामानासह गाडीचे वजन अडीच टन धरले, तर उतारावर मुक्त होणारी ऊर्जा सुमारे 32 मेगाज्यूल होते. साध्या भाषेत, 100 लिटर पाणी उकळायला लागेल इतकी उष्णता. ती सगळी ब्रेकने शोषायची ठरवली तर जुने ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यातले पाणी उकळून वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. उपाय जुनाच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बराचसा भार इंजिन घेते. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे काका प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. त्यांना त्या दिवशी मागच्या सीटवर बसवा.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. जुन्या व्हॅन उभ्या-उभ्याच म्हाताऱ्या होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला आहे. रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील तर नक्षीचा उपयोग नाही.

आणि एक गोष्ट, जी रील्समध्ये सर्रास दिसते: धावत्या गाडीत मुले मागच्या गादीवर लोळत असतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे 14 मीटर उंचीवरून पडणे, म्हणजे साधारण चौथ्या मजल्यावरून. गादी गाडी उभी असतानाच. चाके फिरत असतील तर प्रत्येकाला सीट आणि पट्टा हवाच.

रात्री एसी का चालत नाही?

वडकऱ्यासारख्या घटनेचे मूळ समजायला हे गणित पाहा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीत 1,200 वॅट-अवर ऊर्जा असते. बॅटरी टिकायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे 600. यावर 25 वॅटचे दोन पंखे आठ तास आरामात चालतात, कारण त्यांना 400 लागतात. पण 900 वॅटचा एसी 40 मिनिटांत सगळे संपवतो. कोकणातल्या मे महिन्यात घामाघूम झालेली मुले रडू लागतात आणि मग कोणीतरी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून काचा बंद करतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे जागही येत नाही. जुन्या व्हॅनच्या तळाला गंजाची भोके असतात, एक्झॉस्ट गळत असतो. धूर आत यायला तेवढी वाट पुरते. म्हणून झोपताना इंजिन बंद, जनरेटर बंद, गाडीत शेगडी नाही, समोरासमोरच्या दोन खिडक्या जाळी लावून उघड्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. मागच्या बाजूच्या रंगीत दिव्यांच्या माळेआधी तो घ्या.

एलपीजीचा स्वभाव वेगळा. तो हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, वरची खिडकी उघडून जात नाही. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत नेणे नियमात बसत नाही. 5 किलोचे छोटे सिलिंडर विनाजोडणी मिळतात, पण स्वयंपाक गाडीबाहेर, मोकळ्या हवेत करावा.

मग थांबायचे कुठे?

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि सुरक्षा असलेली कॅराव्हॅन पार्क उभी राहावीत, हा त्यामागचा विचार. कोकणच्या वाटेवर अशी जागा ठरावीक अंतराने मिळेल, हे गृहीत धरून मात्र निघू नका. त्यापेक्षा होमस्टेच्या मालकाला आधी फोन करा. अंगणात गाडी लावायला, एक प्लग आणि न्हाणीघर वापरायला किती घ्याल, असे सरळ विचारा. खोलीपेक्षा कमी पैशांत काम होते, आणि प्लग मिळाला की जनरेटरचा प्रश्नच उरत नाही. हायवेच्या कडेला, अंधारात, ट्रकच्या रांगेत मुक्काम करू नका.

बांदा ओलांडून पत्रादेवीवरून गोव्यात शिरलात तर शेगडी बाहेर काढू नका. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास तिथे बंदी आहे. 2019 च्या दुरुस्तीने एकट्याला 2,000 आणि गटाला 10,000 रुपये दंड ठरवण्यात आला आणि 2025 मध्ये तो आणखी वाढवण्यात आला. किनाऱ्यावर गाडी नेण्यासही मनाई आहे. वाळूत गाडी चालवण्याची हौसच असेल तर केरळमधील कन्नूरजवळचा मुळप्पिलंगाड किनारा त्यासाठी खुला आहे. भरतीची वेळ तेवढी आधी पाहून ठेवा. जुनी व्हॅन ओल्या वाळूत रुतली की बाहेर काढायला ट्रॅक्टर लागतो.