कोल्हापुरी साज घडवून घेताना

दुकानात मांडलेला साज तासाभरात पसंत करून घरी नेता येतो. घडवून घ्यायचा तर काही आठवडे थांबावे लागते, कारागिराकडे दोन-चार खेपा पडतात. तरीही आजीच्या साजातलीच पाने हवी असतील, आपल्या गळ्याला शोभेल अशी लांबी हवी असेल किंवा घरचे सोने वापरायचे असेल, तर घडवून घेण्याला पर्याय नाही. कोल्हापूरच्या गुजरी या सराफ पेठेत आणि आसपासच्या गल्ल्यांत हे काम हाताने करणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्याकडे जाताना एक सूत्र लक्षात ठेवावे: सोने मुशीत जाण्याआधी सगळे ठरलेले असावे आणि ते कागदावर असावे.

पाने कोणती, लांबी किती

परंपरेने पूर्ण साज 21 पानांचा मानतात. चंद्र, कमळ, बेलपान, मासा, कासव, शंख, नाग, भुंगा, वाघनख अशी ही पाने जवमण्यांच्या मध्ये ओवलेली असतात आणि मधोमध पदक असते. रोजच्या वापरासाठी दहा-बारा पानांचा साजही करून घेतात. कोणती पाने हवीत आणि ती कोणत्या क्रमाने ओवायची, याचे चित्र काढून घ्यावे. जुना साज असेल तर तो सोबत न्यावा; निदान पुढून-मागून काढलेले फोटो तरी दाखवावेत. लांबी ठरवताना गळ्याभोवती दोरा धरून, आरशात पाहून माप घ्यावे. मंगळसूत्र आणि ठुशीबरोबर साज घालायचा असेल तर तीही घालून पाहावीत, म्हणजे दागिने एकमेकांवर चढत नाहीत.

सोने कोणाचे, किती कसाचे

मराठी घरांत दागिन्यासाठी प्रामुख्याने 22 कॅरेट सोने वापरतात. त्यात 91.6 टक्के शुद्ध सोने असते, म्हणून त्यावर 916 हा आकडा दिसतो. 18 कॅरेटमध्ये 75 टक्के सोने असते.

गुरुपुष्यामृताला घेतलेली 24 कॅरेटची वेढणी कारागिराला देणार असाल, तर हिशेब नीट समजून घ्या. 24 कॅरेटच्या 10 ग्रॅममध्ये तांबे-चांदी मिसळून 22 कॅरेट केले, की सुमारे 10.9 ग्रॅम वजन भरते. म्हणजे 10 ग्रॅमची वेढणी देऊन 22 कॅरेटचा 10 ग्रॅमचाच दागिना हाती आला, तर जवळपास एका ग्रॅमचा हिशेब विचारायला हवा.

जुना दागिना मोडीत देताना हाच हिशेब उलटा होतो. त्यात डाक (सांधे जोडणारा मिश्रधातू), मळ, खडे, लाख असे सगळे असते, त्यामुळे आटवल्यावर वजन घटते. आटणी शक्यतो आपल्यासमोर करून घ्यावी आणि वितळलेल्या सोन्याचे वजन व कस तिथेच लिहून घ्यावा.

लाखेचे वजन सोन्यात धरू नका

साजाच्या व्यवहारात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. जवमणी आणि पाने भरीव नसतात. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर उठवून ती पोकळ घडवतात आणि आत लाख भरतात. लाखेमुळे कमी सोन्यात दागिना भरदार दिसतो आणि पत्रा दबत नाही. पण काट्यावर सोने आणि लाख यांचे वजन एकत्रच भरते.

समजा, तयार साज 30 ग्रॅम भरला आणि त्यात 8 ग्रॅम लाख आहे, तर पैसे 22 ग्रॅम सोन्याचेच द्यायचे. लाख भरल्यावर हा फरक सिद्ध करणे अवघड असते. म्हणून लाख भरण्याआधी मणी आणि पाने काट्यावर ठेवून वजन पाहायला जावे. चांगला कारागीर स्वतःच बोलावतो. माणिक-पाचूचे खडे आणि ओवायचा दोरा यांचे वजनही वेगळे धरावे.

घडणावळ आणि घट

घडणावळ म्हणजे कारागिराच्या हाताची मजुरी. ती दर ग्रॅमला, टक्क्यांत किंवा नगावर ठरते. साजासारख्या बारीक कामाला सोने कमी आणि मेहनत जास्त लागते. त्यामुळे साध्या साखळीचा दर इथे लावणे अन्यायाचे आहे.

घट हा वेगळा मुद्दा. कानशीने घासताना आणि उजाळा देताना थोडे सोने धुळीत जातेच. मात्र ही धूळ फुकट जात नाही. झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातून सोने काढतात. म्हणून घट किती धरणार, हे आधीच विचारावे आणि घडणावळीपासून वेगळे लिहून घ्यावे.

हॉलमार्क आणि छोटा कारागीर

16 जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. 1 एप्रिल 2023 पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक लागतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांपर्यंत असलेल्या सराफांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ दागिन्यांना सक्तीतून सूट आहे.

म्हणजे एकट्याने काम करणाऱ्या कारागिराकडच्या दागिन्यावर हॉलमार्क नसू शकतो. तेवढ्यावरून तो फसवतो असे होत नाही. मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात ग्राहक स्वतः शुल्क भरून शुद्धता तपासून घेऊ शकतो. ‘केडीएम’चा शिक्का मात्र शुद्धतेचा पुरावा नव्हे. त्याचा संबंध कॅडमियम घातलेल्या डाकाशी आहे आणि अशा डाकाचा धूर कारागिराच्या फुफ्फुसांना घातक असतो. डाक कॅडमियमविना हवा, हे आवर्जून सांगावे.

चिठ्ठीवर काय असावे

- दिलेल्या सोन्याचे वजन आणि कस, खड्यांची संख्या व फोटो
- पानांची नावे, संख्या, क्रम आणि साजाची लांबी
- सोन्याचा भाव आजचा धरायचा की दागिना मिळेल त्या दिवशीचा
- घडणावळ, घट आणि जीएसटी, प्रत्येकाची वेगळी रक्कम
- दिलेली उचल आणि दागिना मिळण्याची तारीख
- आवडले नाही तर कोणत्या टप्प्यापर्यंत बदल करता येईल

लग्नसराई आणि दिवाळीच्या तोंडावर कारागिरांचे हात भरलेले असतात. दागिना त्या दिवसांत लागणार असेल, तर दोन-तीन महिने आधीच बोलणी करावीत.

ताब्यात घेताना आणि नंतर

साज उजेडात उलटसुलट पाहावा. डाकाचे सांधे, पानांच्या कडा आणि फासा तपासावा. गळ्यात घालून पाने सरळ बसतात का ते पाहावे. घरी आणल्यावर साज गरम पाण्यात बुडवू नये, कारण उष्णतेने लाख मऊ पडते. पान तुटले तर लाखेचे काम जाणणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. लाख न काढता ज्योत लावली, तर ती जळते आणि पान बिघडते.

काटा, कस आणि हिशेब यांबाबत संकोच करू नका. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही. घडणावळीत मात्र फार घासाघीस करू नका. हाताने ठसे उठवणारी माणसे या धंद्यात टिकायची असतील, तर त्यांना काम आणि कामाचा योग्य दाम मिळायला हवा. घरात लग्न ठरले असेल आणि साज घ्यायचा असेल, तर तयार दागिना घेण्याआधी एकदा कारागिराकडे चौकशी जरूर करा.