होम लोनने टॅक्स वाचतो म्हणे. कुणाचा?

मागच्या महिन्यात मी आणि बायको पुण्यात एक टू बीएचके बघायला गेलो होतो. बांधकाम चालू, ताबा दोन-अडीच वर्षांनी. सेल्सवाल्याने ब्रोशरच्या मागेच हिशोब मांडला. "सर, ५० लाखांचं लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं, ईएमआय ४३ हजार. पण व्याजावर २ लाख, मुद्दलावर दीड लाख वजावट. तुम्ही ३० टक्क्यांत, म्हणजे सेससकट वर्षाला १ लाख ९ हजार वाचले. ईएमआय पडला ३४ हजारच!"

आता आम्हाला ३४ झेपतात, ४३ नाही. म्हणून टोकन देण्याआधी घरी येऊन एक्सेल उघडली.

त्याने सांगितलेल्या वजावटी खऱ्या आहेत, हं. कलम २४(बी) खाली स्वतः राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत, आणि ८०सी खाली मुद्दलावर दीड लाखापर्यंत. पण त्या दीड लाखात पीएफ, विमा सगळंच येतं. माझा पीएफच त्यातला बराचसा खातो. आणि पहिल्या वर्षी व्याज जातं साधारण ४ लाख २० हजार, त्यातले २ लाखच धरतात. ही मर्यादा २०१४ च्या बजेटपासून हललेली नाही. घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या!

खरी गोम पुढे आहे. या दोन्ही वजावटी जुन्या रेजिममध्ये मिळतात. नव्या रेजिममध्ये राहत्या घराच्या व्याजावर शून्य, ८०सी पण शून्य. आणि आता नवी रेजिमच डिफॉल्ट आहे.

"मग जुनी घे की," बाबा म्हणाले. त्यांचा टॅक्स होम लोननेच वाचला होता, त्यामुळे त्यांचा विश्वास पक्का. म्हणून दोन्ही हिशोब केले. पगार १८ लाख, वर्ष २०२५-२६.

जुनी रेजिम: ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन, २ लाख व्याज, दीड लाख ८०सी. उरले १४ लाख. टॅक्स सेससकट २ लाख ४१ हजार ८००.

नवी रेजिम: फक्त ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन. उरले सव्वासतरा लाख. टॅक्स १ लाख ५० हजार ८००.

म्हणजे लोनच्या सगळ्या वजावटी घेऊनही जुन्या रेजिममध्ये मी ९१ हजार जास्त भरतोय! दोन्ही बरोबरीत यायला स्टँडर्ड डिडक्शन सोडून जवळपास ६ लाख ४० हजारांच्या वजावटी लागतात. भाड्याने राहत होतो तेव्हा एचआरए तरी होता. स्वतःच्या घरात राहायला गेलं की तोही गेला.

बरं, जुनी रेजिम घेतलीच तरी ताबा मिळेपर्यंत व्याजाची वजावट नाही. बांधकाम पूर्ण होण्याआधीच्या वर्षांतलं व्याज नंतर पाच समान हप्त्यांत घेता येतं, पण त्याच २ लाखांच्या आत. म्हणजे ती जागा चालू वर्षाच्या व्याजानेच भरलेली. आणि लोन घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर २ लाखांचे थेट ३० हजार होतात. बिल्डर रखडला तर दंड आपल्याला.

जोडीने घेतलं तर दोघांना वेगवेगळे २-२ लाख मिळतात, पण दोघंही मालक आणि दोघंही कर्जदार हवेत. नुसतं लोनवर नाव असून चालत नाही. अर्थात, हेही जुन्या रेजिममध्येच. घर भाड्याने दिलं तर नव्या रेजिममध्येही त्या भाड्यातून व्याज वजा होतं, पण तोटा पगारातून वळता करता येत नाही.

महाराष्ट्रात मला एकच बचत रेजिम न बघता मिळणारी दिसली. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार, तेही पहिल्याच दिवशी. मालकी मात्र पूर्ण तिचीच. हे ऐकून बायको जरा जास्तच खूश झाली.

सेल्सवाल्याला फोन करून रेजिमचं विचारलं. "सर, ते तुमच्या सीएला विचारा ना," म्हणाला. टोकन दिलं नाही. आता ४० लाखांच्या लोनमध्ये बसणारी घरं बघतोय. त्याचा ईएमआय येतो ३४ हजार ७००, कुठलीही वजावट न धरता.