एका दाताचं अंतर

पुण्यातला चांदणी चौक सुटला, भूगाव मागे पडलं की पिरंगुटच्या अलीकडे एक छोटासा घाट लागतो. मुळशीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा. समजा, तुमच्याकडे जुनी डिझेल इंडिका आहे, 1998 पासून पिंपरीच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या हजारोंपैकी एक. कालच तिला नवा टायमिंग बेल्ट बसवला. सपाटीला गाडी बरी चालली. पण एरवी तिसऱ्या गिअरवर चढायची तिथे आज दुसऱ्यावरही कण्हतेय. आरशात पांढुरका धूर दिसतोय. पिकअप म्हणून नाही. बेल्ट तर नवाकोरा, मग ताकद गेली कुठे?

डिझेल तेवढंच जातंय, हवाही तेवढीच. हरवलाय तो फक्त वेळ. आणि किती वेळ? सेकंदाचा हजारावा भाग!

हे कसं, ते कळायला आधी इंजिनात डोकवायला हवं. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला गरम लागतं ना? तोच चमत्कार इथे टोकाला नेलाय. अशा जुन्या डिझेल इंजिनात पिस्टन हवेला दाबून तिचा आकार जवळजवळ 22 पट लहान करतो. नुसत्या दाबानं ती हवा पाचशे अंश सेल्सियसच्या पुढे तापते. त्यात डिझेलचा फवारा गेला की ते आपणहून पेटतं. काडी नाही, प्लगची ठिणगी नाही! रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला हे इंजिन नीट चालवून दाखवलं, आणि आजही बहुतेक ट्रक त्याच युक्तीवर पळतात.

पण फवारा नेमका कधी मारायचा? झोक्यावरच्या पोराला ढकलताना आपण काय करतो? झोका मागे येऊन थांबतो, परत फिरायला लागतो, तेव्हा ढकलतो. तो अजून आपल्याकडे येत असतानाच हात लावला तर मनगटाला हिसका बसतो, उशिरा लावला तर हात हवेत फिरतो. पिस्टनचंही तसंच. वर येत असताना भडका उडाला तर इंजिन ठक्‌ठक्‌ वाजतं. पिस्टन खाली निघून गेल्यावर उडाला तर आग नुसती त्याच्या मागे धावते आणि ढकलायची उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते. शिवाय डिझेलला पेटायला स्वतःचा एक क्षण लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचायच्या थोडं आधीच फवारा सुरू करावा लागतो.

आता वेगाचा हिशेब करा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारतंय. चार सिलिंडर, आणि प्रत्येकाला दोन फेऱ्यांत एक फवारा. म्हणजे सेकंदाला 100 फवारे! पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो. एवढं काटेकोर घड्याळ कोण सांभाळतं? नव्या गाड्यांत फवाऱ्याची वेळ संगणक ठरवतो. या जुन्या इंजिनात मात्र ती ठरवतो एक रबरी पट्टा. त्याच्या पोटात काचेच्या तंतूंचे दोर असतात, कारण तो ताणला गेला की घड्याळच चुकलं. काच आणि रबर मिळून अख्खं इंजिन तालात ठेवतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

शेतातल्या किर्लोस्कर इंजिनाला ही चिंता नाही. तिथे गिअरचे दात एकमेकांत अडकलेले असतात, निसटायचे कुठे? बेल्ट हलका असतो, आवाज करत नाही, पण बसवणाऱ्याचा हात पक्का हवा.

हाच बेल्ट एकीकडे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवतो, दुसरीकडे डिझेलचा पंप. दोघंही क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतात. म्हणून क्रँकच्या पुलीला 20 दात असतील तर त्यांच्या पुलीला 40. यात एक फसवी गंमत आहे. घड्याळात 12 दिवसातून दोनदा वाजतात, दुपारचे की रात्रीचे ते काटे सांगत नाहीत. तसा पिस्टनही एका चक्रात दोनदा माथ्यावर येतो, आणि दुपार कोणती ते कॅमच सांगतो. क्रँकची खूण जुळली म्हणून कामाला लागलेला माणूस मध्यरात्रीलाच दुपार समजू शकतो.

40 दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे 9 अंश, आणि क्रँकच्या भाषेत 18 अंश. 3000 फेऱ्यांना 18 अंश म्हणजे बरोबर सेकंदाचा हजारावा भाग. मिस्त्री म्हणतात ना, ‘एक दात सरकलाय’, त्याचा अर्थ हा! पंपाच्या पुलीचा दात मागे राहिला की प्रत्येक फवारा उशिरा येतो. कॅमचा सरकला तर व्हॉल्व्ह भलत्या वेळी बंद होतात, हवा पुरती दाबलीच जात नाही.

पण दात सरकतो कसा? जुना बेल्ट काढल्याबरोबर कॅम आणि पंप जागच्या जागी राहत नाहीत. आतल्या स्प्रिंगांचा दाब असतो, पुली टुणकन पुढे-मागे उडते. शिवाय बेल्टचा ढिलेपणा त्याला ताण देणाऱ्या टेन्शनरच्या बाजूला न येता भलत्याच बाजूला राहिला, तर ताण देताना पुली गुपचूप एक दात फिरते. म्हणून जाणता मिस्त्री आधी पिना घालून पुल्या अडकवतो. बेल्ट चढवल्यावर पाना लावून इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवतो आणि खुणा पुन्हा बघतो. दोनच का? कारण कॅमचा एक फेरा तेव्हा पुरा होतो. मध्येच पाना अडला तर जोर लावायचा नाही. आत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. ही दोन मिनिटं ज्याच्याकडे नाहीत त्यानं बेल्टला हातच लावू नये.

खुणा जुळल्या, तरी गाडी ओढत नाही? हवेचा पाइप ढिला राहिलाय का, डिझेलच्या नळीत हवा शिरलीय का, ते आधी पाहायचं. तिथेही काही नसेल तर दोष दाताहून बारीक असतो. अनेक रोटरी पंप त्यांच्या बोल्टांवर जरासे फिरवता येतात. पंपाच्या डोक्याला डायल गेज लावून आतला प्लंजर किती उचलला जातो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात आणि पंप केसभर सरकवून पुन्हा आवळतात.

आणि या पंपाच्या पोटात माझं सगळ्यात आवडतं आश्चर्य आहे. इंजिन जोरात फिरू लागलं की फवारा आणखी आधी हवा, कारण डिझेलला पेटायला मिळणारा अवधी कमी झालेला असतो. हे पंपाला सांगतं कोण? डिझेलच. वेग वाढला की पंपातला डिझेलचा दाब वाढतो, तो एका इवल्या पिस्टनला रेटतो, पिस्टन आतली कडी फिरवतो आणि फवारा आपोआप लवकर सुटतो. ना तार, ना चिप!

वेळ एकदा जुळली की परत त्याच घाटाला गाडी घाला. तिसऱ्या गिअरवर इंजिनाचा आवाज भरीव होत जातो, आरशातला धूर नाहीसा झालेला असतो, आणि पौड गाठेपर्यंत दुसऱ्या गिअरची आठवणही येत नाही.