फेड : हळूहळू नाहीसे होण्याचा शब्द

फूल कोमेजते, कापड विटते, आवाज विरतो, उत्साह मावळतो, अक्षर पुसट होते. काय जाते आहे हे पाहून मराठी आपले क्रियापद निवडते. इंग्रजीला या सगळ्यांसाठी ‘फेड’ हा एकच शब्द पुरतो. काय गेले ते तो सांगत नाही. कसे गेले ते सांगतो : हळूहळू, नेमका क्षण हाती लागू न देता.

इंग्रजीत तो १४व्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ निस्तेज आणि बेचव असा दोन्ही होता. आजही फ्रेंचमध्ये अळणी, मिळमिळीत पदार्थाला हाच शब्द लावतात. इंग्रजीने चव सोडली आणि तेज ठेवले.

रंगाचे फेड होणे आपल्या घरोघरी माहीत आहे. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडतो, साबण लावताच तो लालसर होतो आणि कडक उन्हात वाळत घातला की बराचसा निघून जातो. हळदीतल्या कुर्कुमिन या रंगद्रव्याचे रेणू प्रकाशाने तुटतात. तुटलेले तुकडे रंग दाखवू शकत नाहीत. जुनी वस्त्रे आणि जलरंगातली चित्रे याच कारणाने संग्रहालयात साधारण ५० लक्स इतक्या मंद उजेडात ठेवतात. एकदा उडालेला रंग परत येत नाही.

याहून नवलाचे फेड होणे खुद्द डोळ्यात घडते. ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ मध्ये नोंदवले की एका बिंदूवर नजर खिळवून ठेवली, की कडेच्या फिकट आकृती काही वेळाने दिसेनाशा होतात. न बदलणाऱ्या गोष्टीची दखल घेणे आपली दृष्टियंत्रणा सोडून देते. नजर स्थिर वाटत असतानाही डोळा सतत सूक्ष्म हालचाली करत असतो, म्हणून जग दिसत राहते. डोळ्याच्या पडद्यासमोर रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. त्याची सावली डोळ्याबरोबरच हलते, पडद्यावरची तिची जागा बदलत नाही, आणि म्हणून ती आपल्याला एरवी दिसत नाही. या शब्दाचा इतका अद्भुत दाखला मला दुसरा माहीत नाही.

रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकलेल्या पिढीला आणखी एक फेड आठवेल. गाणे ऐन रंगात आले असताना आवाज दूर जाई, पुन्हा जवळ येई. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परतताना वेगवेगळ्या वाटांनी येतात. त्या कधी एकमेकींना बळ देतात, कधी मारून टाकतात. थर सारखे हलत असल्याने हा खेळ चालूच राहतो.

घाट उतरताना मात्र हा शब्द जिवावर बेततो. ब्रेकवर सतत पाय राहिला की पॅड तापतात, घर्षण घटते, आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. याला ब्रेक फेड म्हणतात. खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरणे हाच त्यावरचा खरा उपाय.

गोल्फमध्ये उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू शेवटी अलगद उजवीकडे वळला तर तो फेड. सलूनमध्ये कानाजवळ त्वचेला भिडून वर दाट होत जाणारे केसही फेडच. चित्रपटात आणि रंगमंचावर दृश्य काळोखात विरले की फेड आउट, काळोखातून उजळले की फेड इन. मराठी संहितांतही हे शब्द असेच लिहिले जातात. ध्वनिमुद्रणात अभियंता सरकत्या खटक्याने आवाज खाली आणतो. त्या खटक्याचे नावच फेडर.

परंतु असा खटका नव्हता तेव्हाही हे साधले गेले होते. गुस्टाव्ह होल्स्ट हा इंग्रज संगीतकार. ऋग्वेदातली सूक्ते स्वतः अनुवादित करता यावीत म्हणून तो संस्कृत शिकला, आणि सावित्रीच्या कथेवर त्याने संगीतिका रचली. त्याच्या ‘द प्लॅनेट्स’ या रचनेचा पहिला प्रयोग २९ सप्टेंबर १९१८ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये झाला. शेवटच्या ‘नेपच्यून’ या भागात स्त्रियांचा गायकवृंद प्रेक्षकांना दिसत नाही, तो शेजारच्या खोलीत गातो. संहितेत होल्स्टची सूचना आहे : शेवटच्या मात्रांपाशी त्या खोलीचे दार आवाज न करता, सावकाश लावावे आणि स्वर दूर विरून जाईपर्यंत तेवढ्याच मात्रा पुन्हा पुन्हा गाव्यात.