फादरांच्या कॉलेजात आपल्या पोरांनाही जागा असते

बारावीचा निकाल लागला की गावातले पालक हमखास विचारतात, "फादरांच्या कॉलेजात आपल्या पोरांना घेतात का हो?" घेतात! वसईचेच उदाहरण घ्या. १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झालेल्या वसईच्या सुपुत्राचे नाव असलेल्या संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालयात कला व वाणिज्य शाखा आहेत. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच मिळते.

राज्यातील ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेजांत निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात. तिथे बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. बाकीच्या जागा गुणांवर सर्वांना खुल्या. त्यातही त्याच कॉलेजात बारावी केलेल्यांचा नंबर आधी. पण एक ध्यानात ठेवा. घटनेच्या कलम १५(५) नुसार जातीचे आरक्षण अशा संस्थांना बंधनकारक नाही. तेव्हा जातीच्या दाखल्यावर विसंबून एकाच कॉलेजात अर्ज टाकू नका.

बी.ए.ला कोणत्याही शाखेची बारावी चालते. बी.एम.एस.साठी २०२४ पासून राज्याची सीईटी आली. नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केले तर ऑनर्स.

आधी विद्यापीठाची ऑनलाइन नोंदणी करा, मगच कॉलेजच्या खिडकीवर जा. नोंदणीची प्रत, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवा. यादीत नाव लागले की मुदतीतच फी भरा. पेरणीच्या गडबडीत तारीख हुकली, तर पोराची जागा दुसऱ्याला जाते.